हुपरीतला रिकामा डबा

कोल्हापूरकडे घरोघरी शौचाचे नमुने गोळा करायला आमच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेतून कुणी तयार होईना. मी हात वर केला. घरी आईखेरीज वाट बघणारं कुणी नव्हतं. माझ्या मुलाला सारखे जंत व्हायचे, आई माझ्या बायकोचे हात अस्वच्छ म्हणून नावं ठेवायची आणि मी मिठाची गुळणी धरून बसायचो. शेवटी सुमन मुलाला घेऊन माहेरी गेली. ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट.

तुम्ही कोल्हापुरात गेलात तर शाहूपुरीत उतरा, स्टँड जवळ पडतं. मला दोन खाटांची खोली मिळाली. एका खाटेवर मी, दुसरीवर डबे. संध्याकाळी मिसळीने नाकाडोळ्यांतून पाणी काढलं. समोर हसायला कुणी नव्हतं, याचं फार वाईट वाटलं.

सकाळच्या एसटीने तासाभरात हुपरी. घरोघर चांदीचे पैंजण घडत होते. एका कारागिराच्या पोराला तीनदा औषध देऊनही पोट पुन्हा जंतांनी भरलं होतं. सासूने सुनेलाच दोष देऊन तिला माहेरी धाडायचं ठरवलं होतं; तिची ट्रंक उंबऱ्याशीच होती. मी प्रत्येकाच्या नावाचा डबा देऊन आलो. दुसऱ्या दिवशी बायका-पोरांचे डबे भरून आले, कारागिराचा रिकामा. गल्लीभर हीच तऱ्हा. कर्त्या पुरुषाचा डबा द्यायची रीतच नव्हती.

आमच्या डॉक्टरबाई म्हणत, एकाच चुलीवर जेवणाऱ्यांतही काहींच्याच पोटात जंत ठाण मांडतात, औषधाने गेले तरी त्यांच्याकडेच परततात. हा गुण रक्तातून उतरत असावा, पण अजून खात्री नव्हती. मी कारागिराला तसंच सांगितलं. हातोडी खाली ठेवून तो ऐकत राहिला.

तिसऱ्या दिवशी मी दारात पोचताच तो स्वतः डबा घेऊन पुढे आला. मी सोबत आणलेल्या सूक्ष्मदर्शकात सुनेचा नमुना स्वच्छ निघाला, त्याचा जंतांच्या अंड्यांनी भरलेला.

"आई, मला ल्हानपणापास्नं हायत की," तो म्हणाला. "आबांना बी व्हते. हिचा काय दोष?"

सासूने ट्रंक आत सरकवली आणि मला म्हणाली, "पावणं, च्या घ्या."

पुण्यात परतल्यावर मी स्वतःचा नमुना काचपट्टीवर घेतला. अंडीच अंडी. त्याच दिवशी सुमनला पत्र लिहून सगळं कबूल केलं.

पंधरा दिवसांनी कार्ड आलं. "मुलाला इथंही होतात. दोष माझा नाही, हे मला तेव्हाच ठाऊक होतं. तुम्ही आईंसमोर बोलाल म्हणून थांबले होते."

परत येण्याविषयी त्यात काही नव्हतं.