हजेरीत नसलेली मावशी

“मावशी, फळा पुसून घ्या जरा.”

वर्गात शिरता शिरताच सर म्हणाले. आवाज मऊ. मी पहिल्या बाकावर बसले होते. सुती साडी, पुढ्यात वही, हातात पेन. वर्गात साठेक पोरंपोरी होती. सरांनी नेमकं माझ्याकडेच बघितलं.

आणि मी उठले. डस्टर घेतलं, फळा पुसला. त्यांनी सांगितलं यापेक्षा, मी उठले हे मला जास्त लागतं.

माझं वय बेचाळीस. वकिलीचं पहिलं वर्ष जालन्यात केलं. नवऱ्याला साकीनाक्याच्या एका युनिटमध्ये सुपरवायझरची नोकरी लागली, म्हणून दुसऱ्या वर्षाला घाटकोपरच्या कॉलेजात बदली घेतली. दाखला, ना-हरकत पत्र, विद्यापीठाची मान्यता, सगळे कागद एकटीने फिरून गोळा केले. खिडकीवरच्या क्लार्कने दाखल्यावरची जात मोठ्याने वाचली, मागच्या रांगेला ऐकू जाईल अशी. मग ‘अच्छा, अच्छा’ म्हणत मान हलवली. मी पुढचा कागद सरकवला. प्रवेश हवा होता.

प्रवेश मिळाला, पण हजेरी मिळेना. बदलीवाल्यांची नावं मस्टरच्या छापील यादीत नव्हती. सर म्हणायचे, ऑफिसातून नवी यादी येऊ दे. ऑफिस म्हणायचं, सरांनी हाताने लिहायचं असतं. हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसू देत नाहीत. वर्ष वाया.

तीन आठवडे हेच. फळा पुसायला मी हजर, मस्टरमध्ये गैरहजर. पोरंही शिकली. “मावशी, पंखा लावा ना.” एकीने तर झेरॉक्स काढून आणायला कागद हातात दिले.

मग एका सकाळी वर्ग झाडणाऱ्या बाईने मला फळ्यापाशी पकडलं. कोकणातली, दिंडोशीहून यायची.

“माजा काम तू कित्याक करतस गो?”

सरांनी सांगितलं, मी म्हणाले. ती कमरेवर हात ठेवून हसली.

“माका पगार गावता. तुका काय गावता?”

मी तिचं नाव विचारलं. विमल. तीन आठवडे मीही तिला मावशीच म्हणत होते.

माझी आई नगरपालिकेत झाडू मारत रिटायर झाली. तिलाही अख्खी गल्ली मावशी म्हणायची. प्रेमाने म्हणतात, असं आम्ही समजायचो. त्या प्रेमातून तिला कुणी उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. पाणी मागितलं तर वरून ओंजळीत ओतायचे. झाडू मारण्यात कमीपणा नव्हता. कमीपणा त्या हाकेत होता. ती हाक मारली की नाव विचारावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सर आले.

“मावशी, फळा.”

‘पुसून घ्या’ही आता गळून पडलं होतं.

मी उठले. डस्टरला हात लावला नाही. खडू घेतला आणि आधीच्या तासाच्या लिखाणावरच, मधोमध, माझं पूर्ण नाव लिहिलं. खाली प्रवेश क्रमांक.

“सर, हे आधी मस्टरवर उतरवा.”

ते हसले. वर्ग हसला. सर म्हणाले, एवढं मनाला लावून घेऊ नका, मी मानानेच मावशी म्हणतो.

“तुम्ही कौटुंबिक कायदा शिकवता, सर. मी तुमच्या आईची बहीण लागत नाही. प्राचार्य मॅडम माझ्याच वयाच्या आहेत. त्यांना मानाने मावशी म्हणून बघा.”

आता कुणी हसलं नाही.

सरांनी पेन काढलं. यादीच्या तळाशी नाव लिहिलं. आडनावातला काना चुकला होता. मी उभीच राहिले, तो दुरुस्त होईपर्यंत. मग त्यांनी डस्टर उचललं आणि फळ्यावरचं माझं नाव पुसलं. पुसू देत. मस्टरवरचं शाईचं होतं.

मागच्या तीन आठवड्यांची हजेरी मिळणार नाही, असं ते म्हणाले. मी लेखी अर्ज दिला, शिक्का मारलेली पोच घेतली. कॉलेजने हजेरी नाही दिली तर विद्यापीठात जाईन. तिथेही नाही मिळाली तर त्याच्याही वर. कायदा शिकायला आले आहे, तो इथूनच वापरायला सुरुवात करते.

आणि या वर्गात कुणी विमलला ‘ए मावशी’ म्हणून हाक मारली, तर मी बाकावरून उठणार आहे. फळा पुसायला नाही.