तिच्या पाटीवर खाचा नव्हत्या

तेल्हारा आणि हिवरखेडच्या मधल्या एका गावात, मार्च १९६१ च्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी साडेअकराच्या सुमारास, सुगंधा नावाच्या सात वर्षांच्या मुलीला नापास करण्यात आले. कारण तिला लिहिता येत होते. वाक्य चुकलेले नाही. पहिलीच्या बत्तीस मुलांत तिला एकटीलाच लिहिता येत होते, आणि नापासही ती एकटीच झाली.

मी त्या वर्गाचा मास्तर. वय बावीस, अमरावतीहून ट्रेनिंग करून आलेला. शाळा दोन खोल्यांची. पहिली-दुसरी माझ्याकडे एकाच खोलीत, तिसरी-चौथी हेडमास्तरांकडे. त्यांना सगळे गाव बडे गुरुजी म्हणे.

आधी धंद्याची गोष्ट सांगतो. पोराचा हात लिहायला लागतो तो बोटांपासून नाही, खांद्यापासून. सहा वर्षांच्या मुलाच्या मनगटातली हाडेसुद्धा पुरती भरलेली नसतात. त्याला एकदम बारीक अक्षर काढायला लावणे म्हणजे वासराला वखराला जुंपणे. म्हणून आधी अंगणातल्या धुळीत हातभर मोठे गोल काढायचे. मग चिखलाच्या गोळ्या वळायच्या, टकळीवर सूत काढायचे. चिमूट नीट धरता आली की मग पेन्सिल. ट्रेनिंगमध्ये याला हाताची पूर्वतयारी म्हणतात.

सुगंधाची पूर्वतयारी मी केली नव्हती. ती दोन हंगाम मायसोबत कापूस वेचत होती. बोंडातला कापूस पाती-कचरा न लागू देता तीन बोटांनी काढावा लागतो. पेन्सिलही त्याच तीन बोटांत धरतात. अक्षरे तिला मी धुळीत दाखवली आणि तिने ती उचलली. बाकीच्यांना धुळीतले गोलही अजून धड जमत नव्हते.

तिची माय वच्छलाबाई एकदा शाळेच्या दारात उभी राहून मला सांगून गेली होती, "गुरुजी, पास झाली तं दुसरीत बसन. नापास झाली तं येत्या हंगामापासून माह्यासंगं वेचणीले. एका वर्गात दोन-दोन वर्सं बसवाले मले परवडत नाही." बाई धमकी देत नव्हती. हिशेब सांगत होती.

शनिवारी निरोप आला की सोमवारी डिप्टी साहेब येणार. डिप्टी म्हणजे शाळा तपासणारे अधिकारी. बडे गुरुजींनी माझ्या पहिलीच्या सगळ्या पाट्या धुवायला म्हणून घरी मागवल्या. मी ढीग नेऊन दिला. एकेक पाटी घेत त्यांनी एकतीस बाजूला लावल्या. बत्तिसाव्या पाटीला हात पुढे झाला आणि मागे गेला.

"ती राहू द्या," म्हणाले.

फुटकी म्हणून नव्हे. गज्या नावाच्या पोराची पाटी तिच्याहून फुटकी होती आणि ती त्यांनी मांडीवर घेतली होती. सुगंधाच्या घराने पाच वर्षांपूर्वी धर्म बदलला होता. गुरुजींच्या हाताने बदलला नव्हता.

रविवारी गेलो तर गुरुजी ओसरीवर खिळा घेऊन बसलेले. प्रत्येक पाटीवर त्यांनी कमळ, बदक, घर असे तीन शब्द कोरले होते. खाचा दिसू नयेत म्हणून वर कोळशाची पूड. पेन्सिल खाचेत घातली की ती आपोआप वळणाने जाणार, बैलगाडी चाकोरीतून जाते तशी. मी पाहिले. सुगंधाची पाटी काखेत धरून परत आलो. दोन्ही दिवस मी तोंड उघडले नाही. हे माझ्याबद्दल लिहिलेच पाहिजे.

सोमवारी डिप्टी साहेब आले. नागपूरकडचे, पांढरे बूट, दुपारची मोटार गाठायची घाई. गुरुजींनी विनंती केली की शब्द कमळ घालावा. एकतीस पाट्यांवर एकतीस कमळे उगवली, एकाच साच्यातली. साहेब खूश झाले. खुशीत त्यांनी जे गुरुजींच्या ध्यानीमनी नव्हते ते केले. म्हणाले, "आता आपापले नाव लिहा."

मुलांनी पाट्या पुसल्या आणि माना खाली घातल्या. साहेब गज्यापाशी थांबले.

"नाव काय तुझे?"

"गजानन."

"आणि हे काय लिहिलेस?"

गज्याने पाटीकडे पाहिले. कमळ. "माहं नाव," म्हणाला.

शेजारच्याचे नावही कमळ. त्याच्या मागच्याचेही. एकाने घाईत दुसऱ्या खाचेत पेन्सिल घातली होती, तो बदक झाला. साहेब शेवटच्या रांगेपर्यंत गेले. तिथे सुगंधा बसली होती. तिच्या स ला पोट जास्त, ग ची काठी हातभर लांब, वरची रेघ वादळानंतरच्या गोठ्यासारखी कललेली. पण नाव तिचेच होते.

"वळण नाही," साहेब म्हणाले. "नापास."

तेव्हा कुठे मला तोंड फुटले. म्हणालो, साहेब, बाकीच्यांनी नाव लिहिलेलेच नाही. त्यांनी तपासणीचा कागद दाखवला. रकाना हस्ताक्षराचा होता, मजकुराचा नव्हता. मी म्हणालो, मग एखाद्या पाटीवरून बोट फिरवून पाहा.

साहेबांनी गज्याच्या पाटीवर बोट फिरवले. बोट अडकले. त्यांनी वळून गुरुजींकडे पाहिले.

"साहेब, हा आमचा प्रयोग आहे," बडे गुरुजी म्हणाले.

मला वाटले, आता मेले गुरुजी. पण साहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी पाच पाट्या नमुन्यासाठी मागून घेतल्या, इतर शाळांना दाखवायला. आणि सुगंधाची पाटी उचलून मला समजावले, "हे पाहा. जिथे प्रयोग केला नाही, तिथला निकाल." म्हणजे प्रयोगाचा पुरावाही तीच, आणि नापासही तीच.

दुसऱ्या दिवशी वच्छलाबाई आली. हातात बाजारातून आणलेली नवी पाटी. सुगंधाने घरी सगळे सांगितले होते. बाईने पाटी बडे गुरुजींच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "गुरुजी, याच्यावर गज्याले त्याचं नाव लिवाले सांगा."

वर्ग बघत होता, दारात चार माणसे जमलेली, नाही म्हणायला जागा नव्हती. गज्याने पाटी घेतली. त्याने लिहिले नाही. बोटाने पाटी चाचपायला लागला, वरून, खालून, कोपऱ्यांत. मग रडवेल्या तोंडाने म्हणाला, "गुरुजी, याच्यात अक्षर नाहीच हाये."

त्याच पाटीवर सुगंधाने आधी आपले, मग मायचे नाव काढले. वच्छला वाकडी आली, पण आली. बाई स्वतः वाचू शकत नव्हती, म्हणून मी वाचून दाखवले. तिने ते नाव बराच वेळ पाहिले.

"मंग नापास कोन झालं?" तिने विचारले.

गुरुजी म्हणाले, साहेबांची सही झाली, आता शेरा बदलत नाही. शेरा बदलला नाही. बाई बदलली. "वेचणीले मी एकटीच जाईन," म्हणाली, आणि पोरीला ठेवून गेली.

पुढचे वर्ष असे गेले. एकतीस मुले दुसरीत बसली आणि धुळीत गोल काढायला शिकली. सुगंधा त्याच खोलीत तीन हात अलीकडे, पहिलीत बसली आणि दुसरीचे पुस्तक वाचून संपवले. रजिस्टरप्रमाणे ती ढ आणि ते हुशार. गज्याला आपले नाव लिहिता यायला दिवाळी उजाडली. त्याचा दोष नव्हता. त्याच्या हाताला कोणी चुकूच दिले नव्हते.

मला शिकायला मिळाले ते एवढेच, की सुंदर अक्षर आधी बोटाने तपासावे, मग डोळ्याने.

त्या पाच पाट्या साहेबांबरोबर गेल्या, परत आल्या नाहीत. कुठल्या शाळेत आहेत मला माहीत नाही. तुमच्या गावच्याही असू शकतात. म्हणून उद्या शाळेत जा. कोरी पाटी घेऊन जा. आपल्या पोराला त्याचे नाव लिहायला सांगा, आणि शेवटच्या रांगेत ज्या पोराच्या पाटीला कोणी हात लावत नाही त्यालाही सांगा. ती पाटी स्वतःच्या हातात घ्या. अक्षर वाकडे असेल तर मारू नका. फार सरळ असेल तर मास्तरला विचारा.