सुभद्राबाईच्या तीन फळ्या

आधीच सांगून ठेवते, ज्या बाईचं मी आता कौतुक करून राहिली, तिच्याशी मी भर वाचनालयात कचाकचा भांडली आहे. चूक माझी होती. पण तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

नागपुरात बर्डीच्या बाजारामागच्या गल्लीत चपलांच्या दुकानावर एक वाचनालय आहे, तिथं सुभद्राबाई गजभिये तीस वर्षांपासून बसतात. त्यांच्या मागं तीन फळ्या. पहिलीवर खडूनं लिहिलं आहे 'घडलं', दुसरीवर 'मानलं', तिसरीवर 'सांगितलं'. इतिहास, धर्म आणि दंतकथा. पुस्तक देवाचं असो का राजाचं, बाई आधी स्वतः वाचणार, मंगच फळी ठरवणार. कोणी म्हणलं, "बाई, गोंड राजावर काही द्या," तं त्या विचारतात, "आतापर्यंत काय ऐकलं तुमी?" तो मोठ्या तोऱ्यात सांगतो. बाई सारं ऐकून घेतात आणि दोन पुस्तकं काढून देतात. एक त्यानं ऐकलं तसं, एक बरोबर उलटं. एकटं पुस्तक त्यांच्याकडून कोणालेच मिळत नाही. "घरी जाऊन दोघांचं भांडण लावा," म्हणतात, "आन् कोण जिंकलं ते मले येऊन सांगा." आणि लोक खरंच येतात हो सांगाले! परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरी येतात, रिटायर रेल्वेवाले येतात, एक कीर्तनकारबुवाही येतात.

माझे बाबाही जायचे. सारे त्यांले नानाजी म्हणतात, वय अठ्ठ्याहत्तर. आई गेली तेव्हा ते महिनाभर भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यातून त्यांले उठवलं ते या बाईंनी दिलेल्या पुस्तकांनी. म्हणून मी त्यांचा रोजचा फेरा कधी चुकू देत नसे.

मंग बाबांनी स्वतःच एक पुस्तक लिहिलं. आमचं गाव खाप्याजवळ. कन्हान नदीले एकदा असा पूर आला की पाणी देवीच्या तिसऱ्या पायरीले लागलं आणि तिथूनच मागं फिरलं, ही आमच्या घरची गोष्ट. बाबांनी ती छापून घेतली, वर मोठ्या अक्षरात 'सत्यकथा' लिहिलं आणि एक प्रत नवा शर्ट घालून वाचनालयात देऊन आले. चार दिवसांनी गेले तं पुस्तक तिसऱ्या फळीवर. सांगितलं!

"माझ्या बापानं डोळ्यानं पाहिलं होतं ते पाणी," घरी येऊन एवढंच बोलले. मंग पलंगावर पडले. भिंतीकडे तोंड.

दोन आठवडे झाले. अर्धी पोळी खात, अर्धी ताटात ठेवत. मले लय भेव वाटलं. आई गेल्यावरचे ते दिवस परत येऊन राहिले, असं वाटलं. म्हणून गेली मी तणतणत.

"काहून हो बाई," मी दारातूनच सुरू झाली, "म्हाताऱ्या माणसाचं पुस्तक पहिल्या फळीवर ठेवलं असतं तं फळी मोडली असती का तुमची?"

वाचणाऱ्यांनी माना वर केल्या. बाईंनी चष्मा काढला. "बस वं प्रीती."

"मी बसाले नाही आली!"

"कोणत्या सालचा पूर? गावदप्तरात काही नोंद? मी त्यांले हेच विचारलं, तं ते रागावून गेले. कागद असला तं आजच्या आज पहिल्या फळीवर ठेवते."

"त्यांच्या बापाचा शब्द आहे ना!"

बाई उठल्या, बाबांच्या पुस्तकाच्या शेजारून खाकी कव्हर घातलेली एक वही काढली आणि माझ्या हातात दिली. "हे नानाजीले दे. म्हणावं, हेबी त्याच फळीवरचं आहे."

घरी येऊन मी वही पलंगावर आपटली. बाबांनी संध्याकाळपर्यंत तिले हात लावला नाही. मंग चष्मा मागितला.

वही बाईंच्या वडिलांची होती. त्यांनी सांगितलेली, बाईंनी लिहून घेतलेली. छप्पन साली ते अकरा वर्षांचे, आत्याचं बोट धरून कन्हान गावाहून पायी नागपूरले आले, बौद्ध धम्माच्या दीक्षेले. सारे पांढऱ्या कपड्यात आणि याच्या अंगात मळका सदरा. पोरगं रडाले लागलं. तेव्हा एका अनोळखी म्हातारीनं आपलं नवं पांढरं लुगडं टर्रकन फाडलं आणि अर्धं त्याच्या अंगावर गुंडाळलं. नाव तिनं सांगितलं नाही. मरेपर्यंत तो माणूस तिले शोधत होता. शेवटच्या पानावर बाईंच्या अक्षरात एक ओळ होती: 'कागद नाही, साक्षीदार नाही. फळी तिसरी.'

बाबांनी ती ओळ दोनदा वाचली. त्यांचे डोळे भरून आले होते, माझेही.

"सख्ख्या बापाले तिसऱ्या फळीवर ठेवलं वं या बाईनं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दहाच्या आत तयार! मीही मागं गेली. बाबांनी वही टेबलावर ठेवली आणि सारं वाचनालय ऐकेल असे ओरडले, "हे पहिल्या फळीवर ठेवा! हे घडलं आहे!"

"कागद आहे, नानाजी?"

"नाही."

"साक्षीदार?"

बाबांनी शर्टाच्या बाह्या वर सारल्या. "आणतो," म्हणाले.

बाईंनी वही परत तिच्या जागी ठेवली. आता बाबा घरात सापडत नाहीत. पिशवीत कोरी वही, पेन, पाण्याची बाटली. कन्हानले जातात, कामठीले जातात, ऐंशीच्या वरच्या म्हातारे-म्हाताऱ्यांच्या दारात बसून विचारतात, कोण्या बाईनं लुगडं फाडल्याचं ऐकलं का जी? अजून कोणी भेटलं नाही. परवा मी त्यांच्या ताटात तिसरी पोळी वाढली, ती खाऊन चौथी मागितली.

"आन् तुमच्या पुस्तकासाठी कधी फिरणार, बाबा?" मी विचारलं. "गावदप्तर पाहाचं होतं ना?"

"राहू दे ते तिथंच," बाबा म्हणाले. "शेजार चांगला आहे."