भरवशाच्या नावाखाली

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना नाही. प्रार्थनेत तरी सांगितलं का? तिथंही शब्द फिरवतच आले.

साताऱ्यातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत मला मान आहे. कुणी आजारी पडलं, कुणाची नोकरी गेली, की बायका मला बोलावतात. माझी प्रार्थना लांबते, आवाज भरून येतो. त्या आवाजाची मला आता शिसारी येते.

रूथ माझी नणंद. मेढ्याला दिलेली, तिथंच अंगणवाडीत शिकवायची. तीन वर्षांपूर्वी एका रविवारी उपासनेनंतर आमच्याकडे जेवायला आली होती. स्वयंपाकघरात दार लोटून तिनं माझा हात धरला आणि आपल्या छातीवर ठेवला. गाठ होती — बोराएवढी, टणक.

“वैनी, लय भ्या वाटतंय. दवाखान्यात येता का संगं?”

काय अवघड होतं? पण त्याच सकाळी मी चर्चमध्ये भरवशावर बोलले होते. बायकांनी डोळे पुसले होते. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, “दवाखाना कशाला लगेच? प्रभूवरचा भरवसा कमी पडतोय का तुझा?”

ती ओशाळली. तिचं ते ओशाळणं — खरं सांगते — मला आवडलं.

पुढच्याच आठवड्यात अंघोळ करताना माझ्याच छातीत काहीतरी हाताला लागलं. मग मी काय केलं? गुडघे टेकले? बहिणीकडे जाते म्हणून सांगितलं आणि सकाळची सांगलीची एसटी धरली. तिथं मला ओळखणारं कुणी नव्हतं. सोनोग्राफी केली, सुई घालून तपासून घेतलं. साधी गाठ निघाली.

रूथला फोन करायला काय झालं होतं? पण मग मी गेले होते हे सांगावं लागलं असतं. उलट मी मंडळीपुढं उभी राहून साक्ष दिली, की गाठ होती, प्रभूनं भीती काढून टाकली. सांगली तेवढी गाळली. रूथ समोरच्या बाकावर होती. ती आणखी चार महिने थांबली.

काखेत दुखायला लागलं तेव्हा ती आपली आपण दवाखान्यात गेली. तोवर पसरलं होतं. ऑपरेशनच्या सकाळी मी तिथं होते. ती म्हणाली, “भ्या काय जात न्हाई, वैनी. पन भ्यालेल्या मानसाजवळ बी प्रभू बसतोच की.” वीस वर्षं मी भरवशावर बोलत होते. भरवसा असतो कसा, हे त्या खाटेपाशी पहिल्यांदा पाहिलं. एका शब्दानं तिनं मला दोष दिला नाही.

वर्षभरात ती गेली. दफन झाल्यावर तिचा नवरा, प्रकाशराव, माझ्याशेजारी येऊन बसले.

“वैनी, आधीच दवाखान्यात का गेली न्हाई ही? मला बी बोलली न्हाई.”

म्हणजे तिनं माझं नाव त्यांनाही सांगितलं नव्हतं. सांगायची वेळ होती ती.

मी म्हटलं, “घाबरली असेल हो.”

त्यांनी मान हलवली. अजूनही कुणी विचारलं की ते हेच सांगतात — रूथ घाबरली.