घेण्यास नकार

दिल्लीच्या त्या कंपनीचं नाव कोणी काढलं तर आजही माझं डोकं तडकतं. नाव मी सांगणार नाही, मेल्यांची फुकटात जाहिरात कशाला? एवढंच सांगते, की त्या कंपनीनं आमच्या घरी फिनेल पाठवलं, शाई पाठवली, मेणबत्त्यांचे साचे पाठवले, आणि या सगळ्या भानगडीत माझी हातातोंडाशी आलेली नोकरी गेली.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही नागपुरात, रविनगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. बाबा कचेरीत कारकून, आई घरी, आणि मी बी.एड. होऊन घरात बसलेली. ‘बसलेली’ हा लोकांचा शब्द. दुपारभर मी इतवारीत एका व्यापाऱ्याच्या मुलींना शिकवायला जायची, पण ते कोणी धरायचंच नाही. भेटेल तो विचारायचा, "काय, लागली का कुठं?" बाबांनीही स्पष्ट सांगून ठेवलं होतं, या वर्षी नोकरी लागली तर ठीक, नाही तर दिवाळीनंतर लग्न. मला लग्नाचं वावडं नव्हतं हो. पण आधी स्वतःच्या पायावर उभं राहायचं होतं, एवढा एकच हट्ट मी जन्मात धरला होता.

त्या उन्हाळ्यात नरखेड तालुक्यातल्या एका शाळेत माझी मुलाखत झाली. संस्थेचे सेक्रेटरी खूश झाले. म्हणाले, "पोरी, नेमणुकीचा आदेश रजिस्टर पोस्टानं घरी येईल. आला की लगेच हजर हो." माझ्या आईचं माहेर तिकडचंच, मामाकडे राहायची सोय होती. पहिल्या दिवशी कोणतं पातळ नेसायचं, तेसुद्धा मी ठरवून टाकलं होतं. आता फक्त पोस्टमनची वाट पाहायची.

पोस्टमन यायचाही. पण माझ्यासाठी नाही.

झालं होतं असं, की बाबांना रिटायर व्हायला थोडीच वर्षं उरली होती आणि "पेन्शनीत काय होतं?" हा त्यांचा जप सुरू झाला होता. कटिंगच्या दुकानात हिंदी मासिक चाळताना त्यांनी जाहिरात पाहिली. घर बैठे उद्योग! सभासद व्हा आणि दर महिन्याला नवा धंदा शिका. पुस्तक, सोबत नमुन्याचं सामान, सगळं व्हीपीनं घरपोच. व्हीपी म्हणजे दारातच पोस्टमनला पैसे मोजायचे, तेव्हा पार्सल हातात पडणार. बाबांनी कार्ड टाकलं. सभासदानं स्वतः मना करेपर्यंत माल येतच राहील, असं त्या जाहिरातीच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं होतं. ते वाचायला भिंग लागलं असतं.

पहिल्यांदा साबण आला. म्हणजे साबणाचं पुस्तक आणि पुड्या. बाबांनी रविवारी अंगणात तो शिजवला. त्यानं कपड्याचा मळ निघेना, हाताची कातडी मात्र निघाली. मग मेणबत्त्या आल्या. नागपूरचा मे महिना आणि मेणबत्त्या! सकाळी उभ्या केलेल्या दुपारपर्यंत माना टाकायच्या. मग फिनेल आलं, तेही वाटेत गळलेलं. पोस्टमनच्या अख्ख्या थैलीला वास. तो कोपऱ्यावरूनच ओरडला, "ओ काकू, तुमचं संडास धुवायचं आलं!" क्वार्टरांची सगळी लाइन दारात येऊन पाहायला लागली.

मग परत का नाही केलं, असं तुम्ही विचाराल. मीही हेच विचारायची, ओरडून ओरडून. बाबा म्हणायचे, व्हीपी सोडवली नाही तर लोक म्हणतील, यांच्या घरात पैसे नाहीत. आईची तर वेगळीच कथा. दारात आलेल्या माणसाला तिला नाही म्हणताच यायचं नाही. सुया विकणारी येवो, वर्गणीवाले येवोत, ती आपली पदराची गाठ सोडायची. काही म्हटलं की तिचं ठरलेलं, "नाही म्हटलं तं त्याले वाईट वाटते वं." त्यात त्या कंपनीनं एका पार्सलात छापील चिठ्ठी घातली, की माल परत करणाऱ्या सभासदावर कायदेशीर कारवाई होईल. चोराच्या उलट्या बोंबा! पण बाबा पडले सरकारी माणूस. ते घाबरले, न जाणो, उद्या सर्व्हिस बुकात काही लागलं तर?

"बाबा, साधं एक कार्ड लिहा," मी म्हटलं. "माल पाठवू नका. बस, एवढंच."

"असं अडाण्यासारखं लिहितात का?" बाबा म्हणाले. "सी.पी. अँड बेरारचं जुनं राज्य होतं तेव्हापासून हिंदीत टिपणं लिहितो आहे मी. असं पत्र लिहितो, की वाचूनच घाम फुटेल."

आणि त्यांनी लिहिलं. मोठा कागद घेऊन, चष्मा पुसून, आणि मग आम्हां दोघींना समोर बसवून वाचून दाखवलं: "महोदय, आप हर महीने हमारी चेष्टा कर रहे हैं. ऐसी चेष्टा हमने जन्म में नहीं देखी. आपको शोभा देता हो तो और भेजिए! एक क्यों, दो-दो भेजिए! हमारा घर तो गोदाम ही है."

"कसं?" बाबा म्हणाले.

मी कपाळाला हात लावला. "बाबा, हिंदीत चेष्टा म्हणजे थट्टा नव्हे हो. चेष्टा म्हणजे प्रयत्न. ते समजतील, तुम्ही त्यांचं कौतुक करून राहिले."

"मला शिकवतेस?"

"आणि ते दो-दो भेजिए कशाला?"

"तो उपरोध आहे," बाबा म्हणाले. "समझदार को इशारा काफी." आणि स्वतः जाऊन पत्र पेटीत टाकून आले.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. दिल्लीहून उत्तर आलं, तेही चक्क गुळगुळीत कागदावर. आपने हमारी चेष्टा को सराहा, इसके लिए हम आभारी हैं. आपके आदेशानुसार अब प्रतिमास दो पार्सल भेजे जाएँगे. मी ज्या आदेशासाठी रोज दाराशी उभी राहत होते तो काही येईना, आणि बाबांचा आदेश मात्र बरोबर दिल्लीला पोचला! मी पत्र बाबांच्या समोर धरलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि चष्मा काढून म्हणाले, "त्यांची हिंदी कच्ची आहे."

मला हसू यायला पाहिजे होतं, पण इतका संताप आला की मी आत जाऊन भांडी आपटली.

शनिवारी दोन पार्सलं एकदम आली. शाई आणि पुन्हा फिनेल. आईनं दोन्ही सोडवली. महिन्याचा किराणा त्यात गेला आणि तेव्हा कुठं बाबांचं टाळकं फिरलं. भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत. सोमवारी सकाळी मी नळावर गेले असताना, कचेरीत निघता निघता त्यांनी आईला हुकूम सोडला: पोस्टमननं सही मागितली की सांगायचं, नको. काय आहे, कुठलं आहे, काही विचारायचं नाही. सही म्हटली की नको. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी तिथं असते तर!

पुढं दोन-तीन दिवसांनी मी शिकवणीहून घरी आले. आईनं न मागता चहा दिला. तिचा चेहरा असा काही फुललेला, की मला वाटलं मामा आला असेल.

"आज म्या परत पाठवलं वं," ती म्हणाली.

"काय परत पाठवलं?"

"तेच, दिल्लीवाल्याइचं. पोस्टमन सही मांगून राहिला होता. तुया बाबाचं नाव घेतलं त्यानं. म्या म्हटलं, नाही घेत. तो म्हणे, काकू, रजिस्टर आहे. म्या म्हटलं, रजिस्टर असो का राजा असो, नाही म्हणजे नाही!" आणि ती हसली. स्वतःवर इतकी खूश झालेली आई मी कधी पाहिली नव्हती.

मी कप खाली ठेवला. "पार्सल केवढं होतं?"

"पार्सल नोतं. पाकीट होतं. आता मेले पाकिटातून पाठवून राहिले."

पत्ता इंग्रजीत होता, आणि आईला तर मराठीही वाचता येत नव्हतं, सही तेवढी यायची. मुलाखतीच्या अर्जात मी माझ्या नावाखाली ‘द्वारा’ करून बाबांचं नाव घातलं होतं, मुलीच्या नावानं कोण शोधणार म्हणून. पोस्टमननं नेहमीचं नाव तेवढं पुकारलं.

मी ओरडले. शेजारपाजारच्यांनी ऐकलं असेल, ऐकू दे. "अगं, माझी नोकरी होती ती! काहून परत केलं? एकदा मला विचारायचं तरी!" आई चुलीपाशी मटकन खाली बसली. तिच्या ओठांवरचं हसू जायलासुद्धा वेळ लागला, ते तसंच अडकून राहिलं होतं. मला तिची कीवही आली आणि रागही आला, आणि राग जास्त आला.

सकाळी पोस्टात धावत गेले तर थैली रवाना झालेली. मी म्हटलं, एकटी एस.टी.नं जाते आणि सांगते काय झालं ते. बाबा म्हणाले, "तू तापट आहेस, बिघडवशील. मी बोलतो." आणि यांच्या साहेबाचं नेमकं इन्स्पेक्शन! रजा मिळेपर्यंत दोन दिवस गेले. ते दोन दिवस मी कसे काढले, माझं मला ठाऊक. 

शेवटी निघालो. काटोलच्या पुढं संत्र्याच्या बागा लागल्या. बाबा एकाएकी म्हणाले, "दिल्लीच्या कंपनीवर केसच करतो."  मी तोंड उघडलं असतं तर बसमध्येच तमाशा झाला असता.

सेक्रेटरींनी आम्हाला बसायला सांगितलं, पाणी दिलं. मग टेबलाच्या खणातून ते पाकीट काढून समोर ठेवलं. वर निळ्या पेन्सिलीनं आडवं लिहिलेलं: घेण्यास नकार.

"साहेब," ते बाबांना म्हणाले, "घरून नकार आला की आम्ही दुसऱ्यांदा विचारत नाही. म्हटलं, पोरीचं लग्न ठरलं असेल. शाळा तर उघडली, वर्ग किती दिवस रिकामा ठेवायचा? गावातल्याच एका बाईंना घेतलं. आज सकाळी हजर झाल्या."

बाबांनी सगळं सांगितलं. साबण, मेणबत्त्या, फिनेल. सेक्रेटरी हसले, त्यांचा कारकूनही हसला. पाहता पाहता बाबाही कसंनुसं हसले. मी नाही हसले. भिंतीपलीकडच्या वर्गात कोणी बाई हजेरी घेत होत्या आणि पोरं ‘हजर, हजर’ म्हणत होती. मला तिथून उठून पळून जावंसं वाटत होतं.

घरी पोचलो तेव्हा आई दारातच होती. "काय म्हणे?"

"जागा भरली," बाबा म्हणाले आणि चपला काढून आत गेले.

आई माझ्याकडे वळली. मग हळूच म्हणाली, "साऱ्या जन्मात एकच खेप ‘नाही’ म्हटलं म्या. तेही तुयाच भाकरीले."

 मी सरळ कार्ड घेतलं आणि बाबांना न विचारता दिल्लीला लिहिलं, माल मत भेजिए, आया तो नहीं लेंगे. एवढ्यानं ते बंद झालं. कळलं? एवढ्यानं! एका ओळीनं! पण कार्ड पोचायच्या आधीच पुढच्या महिन्याचा माल निघालेला होता.

तो आला तेव्हा मी घरीच होते. पोस्टमन फाटकाबाहेरच थांबला. झाला प्रकार त्यालाही कळला होता, बिचारा नजर वर करीना. "काकू, दिल्लीचं आहे. ‘नकार’ लिहू ना?" त्यानं पेन्सिलही काढली होती.

आईनं हात पुसले. डब्यातून पैसे काढून आणले. "नको लिहू," ती म्हणाली. "दे इकडं. सही कुठं करू?"

"आई, वेडी झाली का तू?" मी ओरडले. "वास येऊन राहिला, फिनेलच आहे ते!"

"असंल," ती म्हणाली. तिनं एकेक अक्षर जपून काढत सही केली. पोस्टमन गेला. मग दोन्ही पार्सलं तिनं माझ्या मांडीवर आणून ठेवली आणि माझ्यासमोर खाली बसली.

"फोडून पाह्य," ती म्हणाली. "बुडापर्यंत नीट पाह्य, तुयं काही असंल तं. मले वाचता येत नाही."

मी सुरी आणली आणि तिच्यासमोर दोन्ही पार्सलं बुडापर्यंत फोडली.