इस्फहानचा दुसरा कोपरा
केशराची डबी उघडली की मला श्रीखंड नाही, एक निळी वही आठवते. आम्ही दोघी मैत्रिणी, नवऱ्यांच्या नोकरीपायी आयर्लंडमधल्या गॉलवेला आलेल्या. वीस सालच्या लॉकडाऊनमध्ये समुद्रकाठच्या प्रोमवरचा ओला, खारट वारा खात चालताना आम्ही इराणची सहल ठरवली, विमानं सुरू झाली की निघायचं. वही माझी. त्यात यझ्दचे वारा घरात ओढून घेणारे उंच बादगीर, वाळवंटाखालून पाणी आणणारे कनात, आणि इस्फहानच्या राजवाड्यातली ती कमान, जिच्या एका कोपऱ्यात भिंतीशी कुजबुजलं की समोरच्या कोपऱ्यात ऐकू येतं. "एका कोपऱ्यात तू, दुसऱ्यात मी," ती म्हणायची, "आणि नवऱ्यांना शिव्या!" एकवीसच्या नोव्हेंबरात ती म्हणाली, "आईला बरं नाहीये गं, पुण्याला जाऊन येते. वही दे ना, विमानात वाचेन." मी तिच्या आईसाठी डिंकाचे लाडूही बांधून दिले. तीन आठवड्यांनी "आई एकदम ग्रँड आहे आता," म्हणत तिने वही परत केली. घरी येऊन उघडली, तर पानापानांतून केशराचा वास, प्रत्येक ठिकाणापुढे तिच्या हिरव्या पेनाने केलेली बरोबरची खूण, आणि त्या कमानीपुढे तिच्याच अक्षरात, "खरंच ऐकू येतं!" मी तिला आजवर काही विचारलेलं नाही, आम्ही अजूनही प्रोमवर चालतो, पण दुसऱ्या कोपऱ्यात उभं राहून माझे लाडू कुणी खाल्ले, एवढं मात्र मला कळायला हवं.