सतरा नंबरच्या फॉर्मातला माझा नियम

बाहेरून दहावीला बसायचं तर सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो. शाळा सोडल्याचा मूळ दाखला पाहिजे. तो हरवला असला तर कोर्टातून प्रतिज्ञापत्र. दुसऱ्या कुठल्या शाळेत नाव नसावं. शाळा सोडून ठरलेली वर्षं झालेली असावीत. दोन फोटो. आणि मुदतीच्या आत फॉर्म नेमून दिलेल्या शाळेत द्यायचा. मी चौथी शिकलेला माणूस, पण हे सगळं मला अजून पाठ आहे. ह्या नियमांत एक नियम मी माझ्या मनाचा घातला. तो कुठल्याही कागदावर नव्हता. माझ्या बायकोनं तो आठ-नऊ वर्षं खरा मानला.

ती कोल्हापुरात आमच्याच गल्लीतल्या अंगणवाडीत मदतनीस होती. पोरं गोळा करून आणायची, त्यांची नाकं पुसायची, खिचडी शिजवायची. सेविकाबाई शिकवायच्या आणि रजिस्टर लिहायच्या. नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. सेविकाबाईंची नोकरी दोन वर्षांत संपणार होती. त्यांनीच हिला सांगितलं, "दहावी तेवढी करून घे. मदतनीस दहावी पास असली तर आधी तिचा विचार करतात. माझ्या खुर्चीत तूच बसशील." ही आठवी पास. नववीत असताना आमचं लग्न झालं आणि शाळा सुटली.

घरी येऊन म्हणाली, "अवो, मी दहावीला बसू का?"

"बस की. मी काय आडवा पडलोय व्हय?"

तेव्हा खरंच माझ्या मनात काही नव्हतं. हे लिहून ठेवतो, कारण ह्यापुढं माझ्या बाजूनं लिहिण्यासारखं काही नाही.

दाखला तिच्या माहेरी, मुरगूडच्या शाळेत होता. फौंड्रीच्या सुट्टीदिवशी दोघं एस.टी.नं गेलो. तिथल्या कारकुनानं जुनं जाड रजिस्टर काढलं, बोट फिरवत खाली आला, थांबला आणि मोठ्यानं नाव वाचलं. माझी बायको ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "हजर!" सगळे हसले. तीही तोंडाला पदर लावून हसली. मी हसलो नाही. ते नाव मी विसरून गेलो होतो. आमच्यात लग्नात नवरा बायकोचं नाव बदलतो, तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहितो. हिचं मीच लिहिलं होतं, तेही चुलत्यानं कागदावर काढून दिलेलं बघून बघून. वीस वर्षं त्याच नावानं हाक मारली. आणि इथं परक्या माणसानं जुनं नाव घेतलं तर बाई हजर! परत येताना ती दाखला पुन्हा पुन्हा वाचत होती. मी खिडकीतून उसाकडं बघत बसलो.

फॉर्म तिनं शेजारणीला जवळ घेऊन भरला. शेजारीण सातवी शिकलेली, वयानं लहान. हिला आक्का म्हणायची, मला दाजी. तिलाही बसायचं होतं, तिचा दाखला तेवढा यायचा होता. दोघींनी सगळे रकाने भरले आणि नावाचा मोकळा ठेवला.

"सासरचं लिवायचं का माहेरचं, तेवढं इचारा आन् तिथंच लिवून द्या," ही म्हणाली. "मला पोरं टाकून येता येत न्हाई."

माझी दुपारची पाळी होती. सकाळी मी गेलो. फॉर्म घेणाऱ्या शाळेच्या खिडकीपुढं रांग होती. आत चष्मेवाला क्लार्क, बारीक आवाजाचा.

"दाखल्यावरचं नाव लिहा. जसंच्या तसं," तो म्हणाला.

"पन आता लगीन झालंय की तिचं."

"होऊ दे. दाखल्यावर जे असेल तेच फॉर्मवर, तेच हॉल तिकिटावर, तेच मार्कशीटवर. काना-मात्रा बदलत नाही. नियम आहे."

"मग माझं नाव कुठं येतंय?"

त्यानं फॉर्म उलटासुलटा करून बघितला. खरंच शोधत होता बिचारा. "कुठंच येत नाही," म्हणाला. "तुम्ही उमेदवाराचे कोण?"

मागून कुणीतरी ओरडलं, "पावणं, तुमी पोष्टमन! टपाल टाका आन् चला!" रांग खदाखदा हसली.

क्लार्कचं काही चुकलं नव्हतं. मी फौंड्रीत साचे करणारा मोल्डर माणूस, मला तर हे कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती. लाकडी पॅटर्नवर जे अक्षर असेल तेच ओतलेल्या बीडावर उमटतं, ओतून झाल्यावर वरून दुसरं घालता येत नाही. पण त्या दिवशी मला एवढंच दिसलं की तिच्या दहावीच्या कागदावर तीन शब्द असणार आणि तिन्हींत मी नसणार. तिचं नाव, तिच्या बापाचं नाव, त्याचं आडनाव. मी फॉर्म उचलला आणि घरी आलो.

ती दारातच उभी होती. "दिला?"

"न्हाई घेतला. लगीन झालेल्या बाईला नवऱ्याचं नाव लावल्याबिगर बसता येत न्हाई. आधी नाव बदलायचं, गॅझेटात छापून आणायचं, मग फॉर्म. नियम हाय."

नियम हाय, हे मी अगदी त्या क्लार्कच्या ठसक्यात म्हणालो. किती सोपं गेलं!

ती हिरमुसली, पण भांडली नाही. माझ्याशी ती भांडायची की. आमटीला नाव ठेवलं तर पुढचं ताट ओढून घ्यायची. पण नियम म्हटला की गप्प बसायची. "मग गॅझेटाचं बघा की लवकर, मुदत संपती," एवढंच म्हणाली. मी "बघतो" म्हणालो. रोज काही ना काही सांगत राहिलो. साहेब रजेवर हाय. साहेब मिटिंगला गेलाय. मी त्या ऑफिसची पायरीसुद्धा चढलो नव्हतो. मुदत गेली. पुढच्या वर्षी तिनं पुन्हा विचारलं, मी साहेबाला पुन्हा रजेवर पाठवला. तिसऱ्या वर्षी तिनं विचारलं नाही.

माझा नियम तेवढ्यात गल्लीभर झाला होता. शेजारणीचा दाखला आला, पण तिनंही फॉर्म आणला नाही. आक्काला जमलं न्हाई, मला कुठलं जमतंय, म्हणाली.

सेविकाबाईंच्या जागी नवी पोरगी आली, बारावी पास, आमच्या मुलीच्या वयाची. स्वभावानं चांगली. ती खुर्चीवर बसायची आणि माझी बायको तिला मॅडम म्हणायची. पोरांची वजनं रजिस्टरात लिहिताना पोरगी घोटाळा करायची आणि ही चुलीपासनं बरोबर आकडा सांगायची. हे ती मला जेवताना हसत हसत सांगायची. मी मान खाली घालून भाकरी मोडायचो.

दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. ती कुठल्याशा मिटिंगवरून आली आणि खांद्याची पिशवीही न उतरवता बोलायला लागली.

"अवो, माहेरच्याच नावानं बसतात! कागलकडची एक मदतनीस भेटलीती. बसली, पास झाली, सेविका झाली. कसलं गॅझेट न् कसलं काय! त्या क्लार्कनं तुमास्नी फसीवलं वो."

इथं मला बोलायला जागा होती. एका वाक्याचं काम होतं. मी म्हणालो, "फसीवलंच म्हणायचं."

वर घाईघाईनं म्हणालो, "आता भर की मग फॉर्म."

"आता कशाला? सेविका व्हायचं वय गेलं माझं. चष्म्यातनं मला तांदळातला खडा दिसंना, भूमिती कुठली दिसायची."

तेव्हापासून त्या शाळेवरून गेलो की ती क्लार्कला शिव्या घालायची. त्याच्या तोंडात माती पडो, त्याचा हात लुळा पडो. मी चार पावलं पुढं चालायचो.

मग एकदा मंडईत तो समोर आला. नोकरी संपलेली, हातात मेथीची जुडी, आणखी बारीक झालेला. मी हिला दुसरीकडं वळवायला गेलो, तिला संशय आला. "कोन वो त्यो?" म्हणाली. माझ्या तोंडातून निघून गेलं, "त्यो क्लार्क."

ती सरळ त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. "वळखता का माझ्या मालकास्नी? न्हाई वळखणार. दहावीच्या फॉर्मला नाव बदलून आना म्हणून तुमीच सांगितलंतं. तुमच्या एका शब्दापायी माझी जागा गेली. जल्मभर नाकं पुसली मी."

तो गोंधळला. "असं मी सांगणार नाही हो बाई," म्हणाला आणि माझ्याकडं बघितलं. त्याला काही आठवलं की नाही, मला माहीत नाही. मग त्याला हिच्या डोळ्यांतलं पाणी दिसलं. त्यानं मेथी काखेत धरली आणि हात जोडले. "चुकलं असेल माझं. माफ करा."

मी वांगी निवडत होतो. एकेक वांगं हातात घेऊन किडीचं भोक बघत होतो.

घराकडं येताना ती म्हणाली, "माणूस वाईट न्हाई. हात जोडलं बिचाऱ्यानं." त्यानंतर तिनं कधी त्याला शिवी दिली नाही. माझ्या वाटणीची माफी त्याला गेली.

गेल्या वर्षी कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत ती गेली. दवाखान्यात रोज ठरवून जायचो, आज सांगायचं. मी कॉटजवळ बसलो की ती विचारायची, "जेवलासा का?" आणि सांगणं राहायचं. मृत्यूचा दाखला काढायला गेलो, तिथं मी लग्नात ठेवलेलं तिचं नाव सांगितलं. कारकुनानं एक शब्द न विचारता लिहून घेतलं. घरात आता माझं ताट ओढून घेणारं कुणी नाही. आमटीला मी नाव ठेवत नाही, माझीच असते.

वर्षश्राद्ध झालं आणि दुसऱ्या दिवशी मी शेजारणीच्या दारात गेलो. ती पायरीवर गवारीच्या शेंगा मोडत होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं. क्लार्कनं काही सांगितलं नव्हतं, नियम मी केला होता, माझं नाव कुठं नव्हतं म्हणून.

तिनं चार-पाच शेंगा मोडल्या. "आक्काला सांगितलंतं?"

"न्हाई."

"मग मला कशाला सांगतासा?"

मी पायरीखाली पडलेली एक शेंग उचलून तिच्या पुढ्यात ठेवली.

"आमच्या मालकास्नी बी त्यो नियम लई आवडलाता, दाजी," ती म्हणाली. "आक्कानं सांगितलं तवा कवा नव्हं ते हसलंतं. म्हणालं, सरकारला बी अक्कल हाय." तिनं एक शेंग मोडली आणि माझ्याकडं बघितलं. "अजून भरता येतो का वो फॉर्म? माझ्या वयाला?"

"वयाची वरची अट न्हाई वाटतं," मी म्हणालो. "उद्या शाळेत जाऊन इचारून येतो."

"तुमी नगा इचारू," ती म्हणाली. "माझी मी जाते."